सीनियरचे चेंबर की वकील संघटनेचा युवा विभाग?

सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत व्यावसायिक ओळखी वाढवण्याच्या दोन वाटा नव्या वकिलापुढे असतात: एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसणे, किंवा वकील संघटनेच्या युवा विभागात काम करणे. दोन्हींना पुरेल इतका वेळ सहसा नसतो.

चेंबरमधली ओळख एकाच व्यक्तीशी होते, पण ती कामातून होते. ज्युनिअरने तयार केलेला घटनाक्रम सीनियरने अर्धा खोडला आणि ‘नोटीस बजावल्याची पोच कुठे आहे?’ असे विचारले, की पुढच्या प्रकरणात ज्युनिअर पोच आधी शोधतो. असे चार-सहा वेळा झाले की एखादा लहानसा अर्ज त्याला स्वतः चालवायला मिळतो. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांच्या १२ महिन्यांच्या उमेदवारीची रचनाही अशीच आहे: पहिले सहा महिने ज्येष्ठाबरोबर राहून पाहायचे, नंतरच्या सहा महिन्यांत देखरेखीखाली स्वतः उभे राहायचे. धोका एकच, पण मोठा आहे. सीनियरशी बिनसले तर दुसरे कोणी ओळखीचे नसते, आणि सीनियरची शिफारस नसेल तर वर्षानुवर्षांच्या राबण्याचा पुरावाही उरत नाही.

युवा विभागात ओळखी पुष्कळ होतात, मात्र वरवरच्या. त्यांना कमी लेखू नये. नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. तरीही व्याख्यानाला हजर राहून कार्डे वाटणाऱ्याला कोणी काम देत नाही. (कार्डांचा तो गठ्ठा खणातच राहतो.) वक्त्यांशी पत्रव्यवहार करणारा, टिपणे वेळेत पाठवणारा मात्र लक्षात राहतो.

अमेरिकेत १९८० पासून सुरू झालेल्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये न्यायाधीश, ज्येष्ठ वकील आणि नवोदित एकाच लहान गटात बसून कार्यक्रम तयार करतात. जवळपास अशी सोय असल्यास ती आधी घ्यावी, कारण तिथे ओळख आणि काम एकत्र येतात.

अशी सोय नसेल, तर न्यायालयात उभे राहायचे असलेल्याने पहिली दोन वर्षे चेंबरलाच द्यावीत आणि संघटनेतले एकच ठरावीक काम अंगावर घ्यावे, असे माझे मत आहे. कंपन्यांना सल्ला देण्याचे काम करायचे असेल, तर समवयस्कांच्या ओळखी आधी जोडाव्यात, कारण आजचे सहकारीच पुढे त्या कंपन्यांच्या कायदा विभागांत बसतात.

चेंबर निवडताना मात्र सीनियरच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या ज्युनिअरांकडे पाहावे: ते आज स्वतःची प्रकरणे चालवतात का, आणि त्या सीनियरविषयी विचारल्यावर बोलायला कचरतात का.