कानाचं मशीन, आठ महिने वापरल्यावर

आमची निम्मी भांडणं 'काय म्हणालीस?' यावरून व्हायची. मला वाटायचं, ही पुटपुटते. तपासणीत कळलं की वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ गळतात. म्हणजे ती नीटच बोलायची, माझ्यापर्यंत अर्धं पोचायचं. ६७व्या वर्षी दोन्ही कानांना मशीन बसवलं.

पहिला आठवडा नकोसा झाला. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा कोसळल्यासारखं वाटे, स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा. दोनदा वैतागून डबीत टाकलं. "डबीला ऐकू येतं का?" असं ही म्हणाली. (तेही मला ऐकू आलं नाही, लिहून दाखवावं लागलं.) मग रोज थोडा थोडा वेळ वाढवला, सेटिंग दोनदा बदलून घेतलं, तेव्हा कुठे जमलं.

खरी कटकट सेलची. ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरचा, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची असते, हे विकणाऱ्यानं सांगितलंच नाही. त्यात माझी बोटं थरथरतात, सेल हमखास पलंगाखाली जातो. आता दर आठवड्याला हीच बदलते. हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवते, चष्मा कपाळावर सरकवते आणि "हलू नका" म्हणते. मी मुद्दाम थोडा हलतो.

गर्दीत मात्र अजूनही नुसता गलका ऐकू येतो.

पाचपैकी साडेतीन. एक गर्दीचा कापला, अर्धा सेलचा.