लग्नसराईभर वायरलेस फ्लॅश ट्रिगर वापरला, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून लांबचे फ्लॅश रेडिओने उडवणारी डबी) चांगला आहे, विकायचा वगैरे विचार नाही. पण "फ्लॅश उडतच नाही, भंगार आहे" म्हणून लोक एक स्टार देऊन मोकळे होतात ना, त्यातल्या अर्ध्या भानगडी ट्रिगरच्या नसतातच.

माझा सेटअप साधा, मिररलेस कॅमेरा, त्यावर ट्रिगर आणि कार्यालयात स्टेजच्या दोन बाजूंना छत्री लावून दोन स्पीडलाइट, म्हणजे सेलवर चालणारे छोटे फ्लॅश. फ्लॅश उडाला नाही की सेटिंग चाळत बसायचं नाही, आधी ट्रिगरवरचं टेस्ट बटन दाबायचं. टेस्टने उडतोय आणि शटरने नाही, म्हणजे रेडिओ ठणठणीत आहे, घोळ कॅमेऱ्यात नाहीतर हॉट शूमधे, म्हणजे कॅमेऱ्यावर ट्रिगर बसतो त्या खाचेत. मग पहिलं सायलेंट शटर बघा, ते चालू असेल तर बहुतेक मिररलेस फ्लॅशला सिग्नलच देत नाहीत, आणि मंगलाष्टकं चालू असताना आवाज नको म्हणून ते आपणच चालू केलेलं असतं. तिथे सगळं ठीक असेल तर ट्रिगर काढून पुन्हा शेवटपर्यंत सरकवा, रिंग घट्ट करा. मे महिन्यात घामट हात लागून लागून पिना काळपट पडतात, कोरड्या खोडरबराने हलकं घासलं की काम होतं, फक्त चुरा फुंकून टाका.

टेस्टनेही उडत नसेल तर चॅनल (ट्रिगर आणि फ्लॅश ज्यावर बोलतात तो रेडिओचा नंबर), ग्रुप (फ्लॅशचा गट), सेल आणि फ्लॅश झोपलाय का, एवढंच. फ्लॅशचा ऑटो पॉवर ऑफ मी बंदच ठेवतो.

आता खरी गंमत. मुलाकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलीकडचा वेगळा, आणि दोघांचे ट्रिगर एकाच कंपनीचे, दोघेही चॅनल १ वर! अंतरपाट खाली आला, अक्षता हवेत, त्याने शटर मारलं आणि माझे दोन्ही फ्लॅश उडाले, लगेच मी मारलं तर फ्लॅश अजून चार्ज होतायत, फोटो काळा. लोकांना वाटतं रेंजचा प्रॉब्लेम. चॅनल बदलून भागतं, पण ट्रिगरमधे आयडी सेटिंग असेल तर तेही लावा, ट्रिगर आणि प्रत्येक फ्लॅशवर सेम नंबर, मग शेजारचा कितीही क्लिक करू दे. आता हॉलवर पोचलो की समोरच्या दादाला आधी चॅनल विचारतो, चहा नंतर.

रेंजचं म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफाय-ब्लूटूथवालाच बँड, त्यात माणसाचं शरीर हा सिग्नल शोषतं. फ्लॅश स्टँडवर डोक्यांच्या वर ठेवला तर गर्दीतही चालतो, खुर्चीमागे लपवला की मधेमधे गंडतो. उलट फ्लॅश अगदी हाताशी असला तरी काही ट्रिगर चुकतात, त्यासाठी मेनूत कमी अंतराचा मोड असतो, तो फार कोणी उघडून बघत नाही.

फोटोत काळा पट्टा येतोय? सिंक स्पीड, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा कॅमेऱ्याचा सर्वात वेगवान शटर स्पीड, ओलांडलाय. १/२०० लिमिट असलेल्या बॉडीवर मी १/१६० च ठेवतो. एचएसएसने (हाय स्पीड सिंक, त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारा मोड) पट्टा जातो पण पॉवरही जाते, मग छत्रीतून हॉल उजळवणं विसरा. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो तो मोड, मी सोडून दिलंय, शालू-जरीवर दर फोटोला एक्स्पोजर वेगळं, मॅन्युअलवर फुल पॉवरच्या १/१६ ला लावून निवांत.

तक्रारी दोन. सेलचं झाकण तकलादू आहे, आणि १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल टाकले की फुल चार्ज असूनही बॅटरी लो दाखवतो, चालतो मात्र व्यवस्थित.

नवीन घेणाऱ्यांनी आपल्या बॉडीचंच व्हर्जन घ्या, कॅननचा सोनीवर चालत नाही. आणि कॅनन २००डी मार्क टू असेल तर जास्त जपून, त्याच्या हॉट शूमधे मधली मोठी पिनच नाही, त्यामुळे फक्त त्या पिनवर चालणारे साधे स्वस्त ट्रिगर त्यावर उडणारच नाहीत, कॅननसाठीचा टीटीएलवालाच लागेल. बॉडी दुकानात घेऊन जा, लावून बघा, मगच पैसे द्या.