पटिंग ग्रीनच्या नावाखाली माझ्या अंगणात काय अंथरलं गेलं

पाहुण्यांना चार-दोन दिवसांसाठी भाड्याने द्यायचं घर असेल आणि मागच्या अंगणात कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच टोलवून होलमध्ये घालायची सपाट हिरवळ, करून घ्यायचा विचार असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. मी ते करून घेतलं आणि चांगलीच नाडले गेले. गवत खोटं निघालं अशी माझी तक्रार नाही, ते खोटंच असतं. तक्रार आहे ती त्याच्याखाली जे असायला हवं होतं आणि नव्हतं, त्याची.

ठेकेदाराचं कोटेशन वाचायला फार छान होतं. जुनी माती काढणे, १० सेंटिमीटर खडीचा थर, त्यावर दगडाची बारीक कच, धुमसून पक्कं करणे, मग गवत आणि शेवटी वाळू. काम खरोखर असंच करतात. पटिंगमध्ये चेंडू उडत नाही, जमिनीवरून घरंगळतो. पाया जरासा जरी खचला तरी चेंडूची वाट वाकते. त्यामुळे खरी मेहनत पायाची असते, पण एकदा गवत पसरलं की तो पाया कुणालाच दिसत नाही. पैसे खायला यापेक्षा सोयीची जागा कुठली?

पहिल्याच फोनवर त्याने विचारलं होतं, "ताई, तुम्ही तिथे राहता का?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, दोन बुकिंगच्या मध्ये घर किती दिवस मोकळं असतं? मला वाटलं, माणूस नियोजन करतोय. करतच होता.

अर्धे पैसे माल मागवायला म्हणून घेतले. उरलेल्यातला मोठा हिस्सा गवताचे रोल उतरले त्या दिवशी, "गाडीवाला खोळंबलाय" असं सांगून. रोजच्या रोज फोटो पाठवायचं ठरलं होतं. आले ते असे: खडीचा ढीग, कॉम्पॅक्टर आणि मग एकदम हिरवंगार अंगण. मधलं काहीच नाही. विचारलं तर म्हणे, पाऊस येईलसं वाटत होतं, भरभर उरकलं. खडीच्या फोटोतली मागची भिंत माझ्या घराची नव्हती, हे नंतर फोटो मोठा करून पाहिल्यावर कळलं. हिरव्या अंगणाचा फोटो मात्र माझाच, आणि तो आजही त्याच्या जाहिरातीत झळकतोय.

पाहुण्यांच्या कुरबुरी लगेच सुरू झाल्या. चेंडू होलपर्यंत पोचत नाही, मध्येच उजवीकडे वळतो. पावसानंतर एका कोपऱ्यात डबकं साचलं आणि दोन रोलमधला जोड उचलला गेला. त्यात एका आजोबांचा पाय अडकला. सावरले, म्हणून निभावलं.

ठेकेदाराचं उत्तर तयार होतं. पाहुण्यांनी टाचांच्या चपला घातल्या असतील, जड बॅगा ओढल्या असतील, कोण काय करतं कुणास ठाऊक. वर हा सल्ला: "त्यांच्या डिपॉझिटमधून कापून घ्या ना, ताई!" स्वतः राहत असलेल्या घरात हे कुणी ऐकून घेणार नाही. भाड्याच्या घरात मात्र माणसं सतत बदलत असतात, त्यामुळे ठेकेदाराला ही पळवाट आयती मिळते. पाहुण्यांचा एक पैसाही मी कापला नाही, आणि ते बरंच झालं.

कारण नंतर दुसऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्याने आधी काही बोलायच्या आत एक लांब सळई घेतली आणि कडेला गवत उचलून जमिनीत खुपसली. नुसत्या हाताने ती वीतभर आत गेली. नीट धुमसलेल्या खडीत ती अशी जाणारच नाही. मग कोपरा उलटला. बोटभर वाळू, तिच्याखाली आमची जुनीच माती आणि तीत जुन्या गवताची मुळंसुद्धा तशीच. मधलं होल म्हणजे सांडपाण्याच्या ११० मिलिमीटर पाइपचा कापलेला तुकडा, तळाला झाकण मारलेला. आतलं पाणी जायला वाट नाही, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर ठरलेला आहे, म्हणजे माप तेवढं जवळपास जमलं होतं म्हणायचं.

गवताचीही तीच तऱ्हा. पटिंगसाठी आखूड, दाट गवत लागतं, साधारण १० ते १५ मिलिमीटरचं. माझ्याकडे बागेत सजावटीला घालतात ते ३५ मिलिमीटरचं निघालं, तेही दोन रोल उलटसुलट दिशेला पाती करून जोडलेलं. गोल्फचा चेंडूच जेमतेम ४३ मिलिमीटरचा! तो गवतावरून धावणार कसा, गवतात रुतून बसत होता. कागदावर मात्र "स्पीड ११" असं ऐटीत लिहिलेलं. ग्रीनचा वेग मोजायला एक खाचेची पट्टी असते, स्टिम्पमीटर. १९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसन या गोल्फपटूने ती बनवली. ती तिरकी धरून चेंडू सोडायचा आणि सपाट जागेवर तो किती फूट जातो ते मोजायचं. ११ म्हणजे ११ फूट. कारागिराच्या पट्टीवरून आमचा चेंडू तीन फुटांतच दमला. तुमच्या कागदावर असा आकडा असेल, तर शेवटचे पैसे देण्याआधी ही चाचणी समोर करून मागा.

वॉरंटीचा कागद काढला, तर त्यात आणखी एक पाचर. गवताचा रंग आणि धागा एवढ्याचीच हमी, बसवण्याच्या कामाची नाही. आणि तीसुद्धा फक्त "निवासी वापरासाठी". पाहुण्यांना भाड्याने दिलेलं घर त्यांच्या लेखी व्यावसायिक वापरात मोडतं. घर कशासाठी आहे हे ठेकेदाराला पहिल्या फोनपासून माहीत होतं, तरी कागद हाच दिला. तुम्ही गवत घ्याल तेव्हा भाड्याच्या घराला हमी लागू आहे, हे उत्पादकाकडूनच लेखी घ्या.

आता सगळं उखडून नव्याने चाललंय. नव्या कारागिराशी ठरलंय ते असं: प्रत्येक थराचा फोटो, त्यात मोजपट्टी उभी धरलेली आणि मागे माझ्या घराची भिंत दिसणारी. पाया झाल्यावर गवत घालण्याआधी त्यावर बादल्यांनी पाणी ओतून दाखवायचं, आणि पैशांचा मोठा हप्ता त्यानंतरच. गवताच्या रोलवरचं लेबल न फाडता माझ्याकडे द्यायचं. त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

जुन्या ठेकेदाराला लेखी नोटीस गेली आहे. ज्यांच्याकडे असंच काम झालं असेल, त्यांनी रागाच्या भरात उखडून टाकू नका. आधी कोपरा उचलून, सळई खुपसून व्हिडिओ काढा, गवताची उंची पट्टीने मोजतानाचा फोटो घ्या आणि एक तुकडा कापून ठेवा. आमच्या कारागिराने ते सुचवलं नसतं, तर नोटिशीला जोडायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.