सापाच्या खाद्याचा उंदीर: मान मोडावी, सीओटू वापरावा की गोठवलेला आणावा?

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक घरी आणण्याआधी टाकी, हीट मॅट, थर्मोस्टॅट यांची चौकशी सगळे करतात. उंदीर कसा मारायचा हा प्रश्न मात्र पहिल्यांदा खायला घालायच्या दिवशीच समोर येतो. मग हाताशी असेल ते वापरलं जातं: पाण्याची बादली, फ्रीजर, नाहीतर शेपूट धरून फरशीवर आपटणं. बादलीत उंदीर बराच वेळ जिवाच्या आकांताने पोहत राहतो. फ्रीजरमध्ये तो शुद्धीवर असतानाच हळूहळू गारठतो. आपटताना नेम चुकला की कंबर मोडते आणि जीव तसाच राहतो. या तिन्ही गोष्टी करू नयेत.

कायद्याचं आधी. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे, त्यामुळे नाग किंवा धामण घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे हे इथे बहुतेकांना माहीत असतं. इथे बोलतोय ते परदेशी जातींबद्दल. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतो आणि त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 मध्ये ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, तेव्हा खाद्याचा उंदीरही त्यात आला.

जिवंत सोडण्याचा पर्याय अनेकांना नैसर्गिक वाटतो. जंगलात सापाला पळायला जागा असते, दोन फुटांच्या टाकीत नसते. सापाने झडप घातली नाही तर तोच उंदीर भूक लागल्यावर सापाची पाठ कुरतडतो. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, दातांनी मणक्यापर्यंत जखमा झालेले साप डॉक्टरांकडे येतात. शिवाय उंदराचे ते तासही भीतीतच जातात. पाळीव पैदाशीचे बहुतेक साप मेलेला उंदीर घेतात. तो कोमट हवा आणि लांब चिमट्याने हलवून दाखवायला हवा, एवढंच. म्हणून खालची सगळी तुलना आधी मारून मग देण्याच्या पद्धतींची आहे.

निवड तीन गोष्टींवर ठरते: उंदराचं वजन, एका वेळी किती मारायचे, आणि तुमचा हात किती स्थिर आहे. यातली तिसरी गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत.

मान निखळवणं

कवटी आणि मानेचा पहिला मणका एका झटक्यात वेगळा करायचा. नीट झालं तर काही सेकंदांत शुद्ध जाते, मांसात काही शिल्लक राहत नाही आणि खर्च शून्य. पांढऱ्या उंदरांसाठी, म्हणजे 20 ते 40 ग्रॅमच्या माइससाठी, सरावलेल्या हातात याहून जलद काही नाही. रॅटच्या बाबतीत 200 ग्रॅम ही मर्यादा पाळा. त्यापुढे मानेचे स्नायू इतके जाड असतात की हाताने खात्रीने होत नाही.

कृती अशी. उंदराला पकड मिळेल अशा खडबडीत पृष्ठभागावर ठेवा: पिंजऱ्याची जाळी किंवा जाड गोणपाट चालतं. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो आणि तुमचा अंदाज चुकतो. शेपूट बुडाशी धरा. उंदीर पुढे जायला बघतो, अंग ताणलं जातं, त्याच क्षणी कवटीच्या लगेच मागे, कानांच्या पाठीमागच्या खळगीत, बोटभर जाडीची गोल सळई किंवा जाड पेन्सिल आडवी टेकवा. ती घट्ट खाली दाबा आणि त्याच वेळी शेपटीचं बूड मागे आणि किंचित वर, एकाच ठाम झटक्यात ओढा. दाब आणि ओढ यांत अंतर पडता कामा नये.

नंतर मानेवर बोट फिरवा. कवटी आणि मणका यांच्यामध्ये माइसमध्ये दोन ते चार मिलिमीटरची पोकळी लागायला हवी. पाय काही सेकंद थरथरतात, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. श्वास घेतल्यासारखी छातीची लयबद्ध हालचाल दिसली तर मात्र काम झालेलं नाही. लगेच पुन्हा करा, वाट पाहू नका.

चुका ठरलेल्या आहेत. सळई खांद्यांकडे सरकली तर मानेऐवजी पाठीचा कणा तुटतो आणि उंदीर शुद्धीवर राहून लुळा पडतो. ही सगळ्यात वाईट चूक. शेपूट टोकाला धरली तर कातडी सोलून हातात येते. आणि मनात धाकधूक असली की ओढ अर्धवट होते. म्हणून पहिला प्रयोग जिवंत उंदरावर कधीही करू नका. आधीच मेलेल्या दहा-पंधरा उंदरांवर हाताला सवय लावा आणि जाणकाराच्या नजरेखाली शिका. लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य दाखवू शकतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठे शिकता येईल याची विचारणा तिथे करायला हरकत नाही.

कार्बन डायऑक्साइड (सीओटू)

यात हाताच्या कौशल्याची जागा उपकरण घेतं. एका वेळी दहा-बारा उंदीर मारायचे असतील, किंवा रॅट 200 ग्रॅमच्या वरचे असतील, तर हीच पद्धत. ती पूर्णपणे वेदनारहित आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हा वायू ओलसर नाका-डोळ्यांवर आम्ल बनतो. त्याचं प्रमाण फार वाढेपर्यंत उंदीर शुद्धीवर राहिला तर जळजळ होते, आणि वायू फार हळू सोडला तर गुदमरण्याची भीती लांबते. म्हणून सगळा खेळ वेगाचा आहे. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा वेग डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के दर मिनिटाला असा दिला आहे.

हिशेब सोपा आहे. डब्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा, लिटर मिळतात. 20 लिटरच्या डब्याला मिनिटाला 6 ते 14 लिटर वायू लागतो, काटा 10 वर ठेवा. एका फेरीला सात-आठ मिनिटं धरली तर 70-80 लिटर, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम वायू जातो. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये बारा-तेरा फेऱ्या होतात.

सिलिंडर कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसी भागात वेल्डिंग गॅस विकणाऱ्यांकडे विचारा. मागताना शुद्ध सीओटू मागा. मिग वेल्डिंगसाठी आर्गॉन आणि सीओटू यांचं मिश्रणही वापरलं जातं, ते इथे अजिबात चालत नाही. त्यावर सीओटूचा रेग्युलेटर आणि मिनिटाला 0 ते 25 लिटर दाखवणारा फ्लोमीटर बसवा. मत्स्यालयातल्या रोपांसाठी मिळणारा संच पुरत नाही. तो थेंबाथेंबाने बुडबुडे सोडण्यासाठी बनवलेला असतो आणि नेमका तो हळू वेग देतो जो आपल्याला टाळायचा आहे. सिलिंडर उभाच ठेवा, आडवा केला तर आतला द्रव नळीत उतरतो आणि अतिथंड फवारा बाहेर येतो.

डबा पारदर्शक घ्या. नळी तळाजवळ आत आणा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. बाहेर जायचं छोटं भोक वर, विरुद्ध बाजूला ठेवा. नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा लावला की फुत्कार आणि गार झोत थेट अंगावर येत नाही. उंदीर ज्या डब्यात राहतात त्यालाच बसणारं झाकण बनवलं तर उत्तमच, जागा बदलण्याचा ताणही वाचतो. अनोळखी नर एकत्र टाकू नका, एकावर एक थर होतील इतके भरू नका. डबा वायूने आधी भरून ठेवून मग त्यात उंदीर सोडणं ही नेहमीची चूक आहे. त्याने जळजळ शुद्धीवर असतानाच होते.

दोन-तीन मिनिटांत उंदीर आडवे पडतात. श्वास थांबल्यावरही निदान एक मिनिट वायू चालू ठेवा, मग बंद करून डबा दहा मिनिटं तसाच राहू द्या. घाईत काढलेला उंदीर मोकळ्या हवेत पुन्हा श्वास घेऊ लागतो, आणि तोच फ्रीजरमध्ये जातो. म्हणून प्रत्येकाची खात्री करा: छातीत ठोका नाही, डोळ्याच्या बुबुळाला ओला कापूस लावला तरी पापणी हलत नाही. त्यानंतर मान निखळवून मृत्यू पक्का करा. बेशुद्ध प्राण्यावर हे करताना हात चुकला तरी वेदना नसते. दोन फेऱ्यांमध्ये डबा साबणाने धुवा, आधीच्या उंदरांच्या भीतीचा वास पुढच्यांना कळतो.

काम ओसरीत किंवा गच्चीवर सावलीत करा. बंद खोलीत हा वायू खाली साचतो आणि तो माणसालाही घातक आहे. एप्रिल-मेमध्ये पहाटे करा. दुपारच्या उन्हात झाकलेल्या डब्यात उंदीर उष्म्यानेच हैराण होतात.

एक साप आणि महिन्याला चार-पाच माइस एवढाच व्याप असेल, तर सिलिंडर घेण्याची गरज नाही असं आमचं मत आहे. मान निखळवायला शिका. घरी पैदास करत असाल, चार-पाच साप असतील किंवा मोठे रॅट लागत असतील, तर सिलिंडर घ्या आणि मान निखळवायलाही शिका. कारण शेवटी खात्री तिनेच करायची आहे.

पिंकी वेगळ्या

डोळे न उघडलेली, केस न आलेली पिल्लं म्हणजे पिंकी. ती सीओटूने लवकर मरत नाहीत. नवजात शरीर प्राणवायूच्या अभावाला फार वेळ तोंड देतं. दहा दिवसांपर्यंतच्या पिल्लांना 50 मिनिटंही लागू शकतात. मोठ्यांसोबत एकाच फेरीत टाकलेली पिल्लं जिवंत सापडतात ती यामुळेच. त्यांच्यासाठी धारदार, फक्त याच कामाला ठेवलेल्या कात्रीने एका चापात डोकं वेगळं करणं हा सगळ्यात कमी वेदनेचा मार्ग आहे. बघायला तो कठोर वाटतो. पिल्लाच्या दृष्टीने मात्र क्षणाचा असतो. कात्री बोथट असेल तर करू नका.

सोडा, व्हिनेगर आणि औषधं

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून सीओटू तयार होतो हे खरं. पण 84 ग्रॅम सोड्याला पाच टक्क्यांचं सव्वा लिटर व्हिनेगर लागतं आणि त्यातून जेमतेम 24 लिटर वायू मिळतो. तोही सुरुवातीला भसकन येतो आणि मग मंदावतो. वेग हातात राहत नाही, शिवाय आंबट फवारा नाका-डोळ्यांना झोंबतो. दोन कप सोडा-व्हिनेगरवर उंदीर अर्धवट बेशुद्ध होतात. सुक्या बर्फाचंही तसंच, वेग मोजता येत नाही. गाडीचा धूर तापलेला आणि काजळीने भरलेला असतो, त्याचा विचारही नको.

डॉक्टरांकडून भुलीचं इंजेक्शन देऊन मारलेला उंदीर सापाला कधीही देऊ नका. पेंटोबार्बिटलसारखी औषधं मांसात राहतात आणि सापालाच मारतात. क्लोरोफॉर्म किंवा ईथरने मारलेलाही चालत नाही.

गोठवलेले विकत घेणं

हात थरथरत असेल किंवा घरच्यांना हे नको असेल तर हाच मार्ग प्रामाणिक आहे. अडचण वाहतुकीची. मोठ्या शहरातून येणारं पार्सल वाटेत वितळलं तर आतडी कुजायला लागतात. पाकीट उघडताना पोट फुगलेलं, हिरवट किंवा वास येणारं असेल तर फेकून द्या. उंदीर कसे मारले हे विक्रेत्याला विचारा, उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. हेही जमणारं नसेल तर किडे आणि पालेभाज्या खाणारा बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा विचार करा. साप पाळायलाच हवा असं नाही.

शेतातला, गल्लीतला पकडलेला उंदीर मात्र फुकट असला तरी घेऊ नका. उसाच्या फडात झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन वापरतात, विष खाल्लेला उंदीर दिसायला ठणठणीत असू शकतो. पूर येऊन गेल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो, तो पकडणाऱ्या माणसालाही असतो.

साठवण

मृत्यूची खात्री झाल्यावर उंदीर सरळ आडवा ठेवून थंड होऊ द्या, वाकडा गोठला तर सापाला गिळायला त्रास होतो. झिपच्या पिशवीत हवा काढून भरा, वर वजन आणि तारीख लिहा. उणे 18 अंशांवर सहा महिन्यांच्या आत संपवा. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे तर बंद झाकणाचा वेगळा डबा हवा, साल्मोनेलाचा संसर्ग जेवणापर्यंत पोहोचतो.

देण्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. नंतर पिशवीसकट 40 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि पोट दाबून बघा, आत गार गोळा लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये बाहेरून शिजतो आणि पोट फुटतं. सापाने नाकारलेला, किंवा वीज गेल्यावर पूर्ण मऊ पडलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही, तो कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा.