आनंदवनची सतरंजी आणि चादर, चार वर्षं वापरून मग लिहितेय

नागपूर-चंद्रपूर रोडवर वरोरा लागतं, तिथंच आनंदवन, बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं. चंद्रपूरला लग्नाला चाललो होतो, तर आजी म्हणाली थांबू या थोडं, बाबा आमट्यांची समाधी बघायचीय. विक्री केंद्रातून एक सतरंजी आणि दोन चादरी घेतल्या. त्याआधी एका मोठ्या मॉलमधून महागाची चादर आणली होती, चार धुण्यात गोळे आले, मधोमध विरली. ही चार वर्षं झाली, मशीनमधे टाकते, उन्हात वाळवते, काठाचा एक धागा सुटलेला नाही. सतरंजी तर अशी घट्ट विणलीय की पोरं वर उड्या मारतात तरी गोळा होत नाही.

हातमागावर विणताना पण बघितलं. एका काकांच्या उजव्या हाताची बोटं अर्धीच होती, तुटलेला धागा ते तळहाताने दाबून धरायचे आणि डाव्या हाताने गाठ मारायचे, मला दोन हातांनी जमली नसती इतकी बारीक गाठ. मी बघत राहिले तर म्हणाले, "ताई, गाठ उलट्या बाजूला गेली पाहिजे, अंगाला लागता नये." घरी येऊन मुद्दाम हात फिरवून बघितला, खरंच लागत नाही.

बाबांनी १९४९ मधे महारोगी सेवा समिती काढली तेव्हा इथं नुसतं माळरान होतं, त्यांनी आणि साधनाताईंनी पेशंटना बसवून जेवू नाही घातलं, त्यांच्यासोबत विहीर खणली, शेती केली. पण पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला कोणी घेईना, रोगाची भीती. हे वाचलेलं होतं पण तिथं उभं राहिल्यावर कळलं की त्या लोकांना खरं काय लागत होतं. गिऱ्हाईक लागत होतं. म्हणून सांगते, दया म्हणून घेऊ नका, चादर चांगली आहे म्हणून घ्या, आणि भाव करू नका प्लीज. मला तर पुण्य वगैरे जे काय म्हणतात ते असल्या साध्या खरेदीत जास्त दिसतं.

आजीचं सांगायचं राहिलं. तिच्या लहानपणी रक्तपिती, म्हणजे कुष्ठरोग, झालेल्या माणसाला गावाबाहेर ठेवायचे, भाकरी लांबून टाकायचे, तिनं स्वतः टाकलीय. समाधीपाशी ती बराच वेळ गप्प बसली होती. घरी आल्यावर पहिले दोन दिवस सतरंजी घडी करून कपाटातच ठेवली, मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर त्यावरच झोपलेली, उशी पण न घेता.

आता परवा म्हणाली, पुढच्या वेळी जाशील तेव्हा आत्यासाठी पण एक आण, निळी असली तर बघ.