गुडघ्याला नीकॅप की टेप? संभाजीनगर ते तुळजापूर सायकल मोहिमेसाठी दोन वस्तूंची पारख

मेडिकलमध्ये जाऊन ‘सायकल चालवून गुडघा दुखतोय’ म्हटलं की काउंटरवर पहिल्यांदा येतो तो काळा निओप्रीनचा, म्हणजे रबरी कापडाचा, नीकॅप. घालायला सोपा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा, त्यामुळे निधी गोळा करायला निघणाऱ्या जवळपास प्रत्येक गटाच्या पिशवीत तो असतोच. आमचं मत आधीच सांगतो. सायकलवर असताना नीकॅप नको, तिथे कायनेसिओलॉजी टेप, म्हणजे कातडीवर चिकटवायची ताणली जाणारी पट्टी, बरी. नीकॅप मुक्कामाच्या ठिकाणी, जिने चढण्या-उतरण्यापुरता. आणि सीटची उंची चुकलेली असेल तर दोन्हींचे पैसे वाया गेले असं समजा.

संभाजीनगरहून पाचोड, शहागड, गेवराई करत बीड साधारण १३० किलोमीटर. ताशी २० च्या वेगानं साडेसहा तास. मिनिटाला पेडलचे ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० आणि बीड येईपर्यंत ३० हजारांहून जास्त वेळा तोच गुडघा वाकतो आणि सरळ होतो. नीकॅप मार खातो तो इथे. उभं राहून घातल्यावर घट्ट आणि छान वाटतो, पण गुडघा वाकला की मागच्या खळग्यात त्याची घडी पडते. निओप्रीनमधून हवा जात नाही, आत घाम साठतो, ओल्या कातडीवर ती घडी घासत राहते. शहागडचा गोदावरीचा पूल येईपर्यंत मागे लाल रेघ उमटते, बीडला घामोळं आणि सोललेली कातडी. वरची कडा खाली सरकते म्हणून लोक एक नंबर लहान घेतात, मग पोटरीला रग लागते आणि पायाला मुंग्या येतात. पुढे भोक असलेला प्रकार वाटीवर कमी दाबतो, पण मागची घडी त्यातही तशीच राहते.

नीकॅप घ्यायचाच असेल तर उभं राहून वाटीच्या मध्यावरून गुडघ्याचा घेर मापाच्या टेपनं मोजा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. अंदाजानं ‘लार्ज’ मागू नका. रोज रात्री साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. झोपताना काढून ठेवा.

आता टेप. ही सुती, ताणली जाणारी पट्टी असते. रुंदी ५ सेंटिमीटर, रोल ५ मीटरचा. १९७०च्या दशकात जपानमध्ये केन्झो कासे यांनी ही पद्धत काढली. चिकट थर उष्णतेनं पकड घेतो, म्हणून लावल्यावर तळहातानं जोरात चोळायचं असतं. खेड्यापाड्यातल्या मेडिकलमध्ये ही मागितली तर पुष्कळदा जाड चिकट बँडेज हातात ठेवतात. ते वेगळं. त्यानं गुडघा आवळला जातो आणि काढताना केस उपटले जातात. त्यामुळे टेप संभाजीनगरातच घेऊन निघा, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.

पुढून, वाटीच्या आसपास दुखत असेल तर हिशेब असा. एका गुडघ्याला २५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या आणि १५ सेंटिमीटरची एक, म्हणजे ६५ सेंटिमीटर. एका रोलमध्ये सात वेळा लागते. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीनं सुताचे धागे सुटतात आणि तिथूनच पट्टी उखडते. चारही कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा सायकलिंगच्या चड्डीत अडकतो.

आदल्या संध्याकाळी केस कात्रीनं बारीक करा. वस्तरा फिरवू नका, चिरांवर घाम आणि गोंद दोन्ही झोंबतात. सकाळी साबणानं पाय धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, मलम, सनस्क्रीन काही नको. दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं जेल लावायची सवय असेल तर त्यावर टेप मुळीच लावू नका. चिकटत नाही आणि बंद कातडीवर ते जेल जळजळतं. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. पहिल्या पट्टीचं टोक वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर, ४ सेंटिमीटर अजिबात न ताणता चिकटवा. मग वाटीच्या आतल्या बाजूनं वळसा घालून मांडीवर न्या. मधे अगदी हलका ताण, शेवटचे ४ सेंटिमीटर पुन्हा बिनताण. दुसरी तशीच बाहेरच्या बाजूनं. छोटी पट्टी वाटीच्या खालून आडवी, मधल्या भागाला निम्मा ताण, टोकं सैल.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ‘घट्ट बसली तर बरं’ म्हणून लोक टोकापासून टोकापर्यंत ताणतात. पट्टी कागदावर मुळातच थोडी ताणून बसवलेली असते. टोकं ताणली की ती कातडी ओढत राहतात आणि दोन तासांत तिथे पाण्याचे फोड येतात. मग टेपची ॲलर्जी आहे म्हणून सोडून दिली जाते. खरी ॲलर्जीही असते, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी मांडीच्या आतल्या बाजूला ५ सेंटिमीटरचा तुकडा लावून २४ तास पाहा. घाम फुटायच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी टेप लावलेली असावी. पहाटे पाचला निघायचं तर चारला. नीट बसली तर तीन दिवस टिकते, म्हणजे तुळजापूरपर्यंत एकदाच लावायची. पावसात भिजली तर टॉवेलनं टिपा, चोळू नका.

टेपकडून अपेक्षा मात्र माफक ठेवा. अभ्यासांमध्ये दिसलेला आराम थोडा आणि थोड्या काळाचा आहे. ती सांधा धरून ठेवत नाही, दुखणं जरा सुसह्य करते आणि गुडघ्याकडे लक्ष ठेवायला लावते. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये असतं. पुढून दुखतं तेव्हा सीट खाली किंवा फार पुढे असते, मागून दुखतं तेव्हा वर. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जांघेत जाड पुस्तक घट्ट धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर ७०.६. क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. मग एका वेळी ३ ते ४ मिलिमीटरच बदल करा आणि १० किलोमीटर चालवून पाहा.

मागून घेतलेल्या किंवा देणगीत आलेल्या सायकलींची खोड वेगळी. सीटची क्लॅम्प ढिली असते आणि खड्ड्याखड्ड्यांनी सीट दिवसभरात सेंटिमीटरभर खाली बसते. दुसऱ्या दिवशी अचानक गुडघा धरतो तो यामुळे. सीटच्या दांड्यावर फ्रेमला लागून काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या आणि त्याच्या खालच्या कडेवर पांढरी रेघ मारा. संध्याकाळी रेघ दिसेनाशी झाली की ५ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) काढायची आणि सीट वर घेऊन क्लॅम्प आवळायची. इतकी स्वस्त वस्तू अख्ख्या मोहिमेत दुसरी नाही.

बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि बालाघाटच्या चढावर मोठ्या गिअरनं मिनिटाला ५० फेऱ्यांनी रेटणाऱ्यांचे गुडघे तिथेच जातात. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर घ्या आणि ७० च्या खाली जाऊ देऊ नका. नाहीच जमलं तर उतरून ढकला. गोळी खाऊन घाट चढणं सगळ्यात वाईट. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर भार टाकतात, आणि वेदना दाबली की इजा वाढलेली कळत नाही. घाटाआधी ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, अर्धं पाकीट बाटलीत टाकू नका.

मदतनिधीच्या मोहिमेत दुखणं लपवलं जातं, कारण देणगी किलोमीटरमागे ठरलेली असते आणि आपण थांबलो तर त्या निधीतून भरायची एखाद्या मुलीची फी अडेल असं वाटतं. याची सोय निघण्याआधीच करता येते. देणगीदारांशी बोलताना आकडा एका माणसाचा नव्हे, अख्ख्या गटाच्या एकूण किलोमीटरांचा ठरवा. मग दुखणारा माणूस येरमाळ्याला सोबतच्या गाडीत बसला तरी त्याचे उरलेले किलोमीटर दुसरा पुढे-मागे करून भरून काढतो.

पडल्यावर काही तासांत गुडघा फुगला, अडकून बसला, आतून निसटल्यासारखा झाला किंवा चार पावलंही टाकता येत नसली तर टेपही नको, नीकॅपही नको. १०८ ला फोन करा. जिल्हा रुग्णालय बीडला आहे आणि धाराशिवलाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मोठं, पण ते या महामार्गावर नाही, मांजरसुंब्याहून केजच्या वाटेनं वळावं लागतं. गाडीच्या चालकाला हे आधीच सांगून ठेवा.

तुळजापूरला पोहोचल्यावर टेप ओरबाडून काढू नका. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग एका हातानं कातडी धरून दुसऱ्यानं पट्टी केसांच्या दिशेनं मागे दुमडत काढा. लाली दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा खाज सुटली तर त्या जागी पुन्हा टेप लावायची नाही.