दोन चाकी ट्रॉली की चार चाकी: ऊस ओढणाऱ्याने वजनाचा विचार कसा करावा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर घरी असलेला शेतकरी ट्रॉली घ्यायला निघाला की दोन चाकी घ्यावी की चार चाकी, या प्रश्नापाशी तो अडतोच. पत्रा किती जाड, टायर कोणते, हौदा केवढा हे ट्रॉली बांधून देणारा सांगतो, म्हणून ते मी सोडून देतो. मी सहा हंगाम दोन चाकी ओढली आणि नंतर चार चाकी घेतली, त्यामुळे दोन्हींच्या खोडी मला माहीत आहेत. एवढे मात्र आधीच सांगतो, की ट्रॅक्टर जेवढे ओढतो तेवढे तो आवरू शकतो असे नाही, आणि ही गोष्ट दोन्ही ट्रॉल्यांना सारखीच लागू आहे.

खरा फरक वजन कुठे टेकते यात आहे. चार चाकी ट्रॉली आपले सगळे ओझे स्वतःच्या चाकांवर घेते, ट्रॅक्टरने ते फक्त ओढायचे. दोन चाकीचा आस मध्याच्या जरा मागे असतो, म्हणून मालाचा काही भाग दांड्यावरून थेट ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चिखलात हा भार उपकारच करतो. दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानात पहिले पाणी पिऊन मऊ झालेल्या फडातून माझी दोन चाकी बाहेर निघायची, कारण मागची मोठी चाके दाबली जाऊन पकड धरत. शेजारच्या फडातली चार चाकी मात्र त्याच ओलीत चाके जागच्या जागी फिरवत उभी राही.

पण हाच भार पुढची चाके हलकी करतो. हूक मागच्या आसाच्याही मागे असल्याने तिथे दाब आला की तराजूसारखे पुढचे टोक वर उचलले जाते. कुतूहल म्हणून मी एकदा काट्यावर आधी नुसता ट्रॅक्टर आणि मग ट्रॉली जोडलेली असताना फक्त ट्रॅक्टरच चढवला. रिकामा २२ क्विंटल, जोडल्यावर ३३. म्हणजे ११ क्विंटल दांड्यावरून आले होते. काट्यावरच्या माणसाने ‘तूक’ (कन्नडमध्ये वजन) विचारले तेव्हा हा आकडा सांगितला तर तो हसला. पुढच्या चाकांवर आधी साडेआठ क्विंटल होते, ते ५ वर उतरले होते. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा एक ढोबळ नियम आहे. मी त्याच्या काठावरच होतो आणि तेही सपाट जागेवर. तवंदी घाटाच्या चढावर स्टिअरिंग इतके हलके वाटायचे, की वळवल्यावर चाके वळली की नाही हे वाकून पाहावेसे वाटे. पुढे वजनाच्या प्लेटा लावल्यावर फरक पडला, हे खरे. दांडा ठरवून दिलेल्या हुकापेक्षा उंच जोडू नये हेही खरे, नाहीतर पुढचे टोक आणखी लवकर उठते.

तरीसुद्धा मला स्टिअरिंगपेक्षा भारी पडला तो दांडाच. तोडणीची टोळी मोळी डोक्यावर घेऊन मागच्या शिडीने चढते आणि पुढून भरत येते, त्यामुळे पुढचा भाग नेहमी ठासून भरतो आणि दर खेपेला हुकावरचा भार वेगळा येतो. भरलेली ट्रॉली फडात सोडून ट्रॅक्टर दुसरीकडे न्यायची वेळ हंगामात रोज येते. चार चाकी पिन काढली की आपल्या पायांवर उभी राहते. दोन चाकीला पुढे जॅक लागतो, आणि जॅकवर हजारभर किलो बसलेले असतात. एका थंडीत मी फळकुट घालून जॅक लावला आणि जेवायला घरी गेलो. परत येईपर्यंत जॅक फळकुटासकट मातीत रुतून कलला होता आणि दांड्याचे टोक चिखलात शिरले होते. दुसरा जॅक मागवून, दगड रचत, ऊस थोडा उतरवून दांडा वर आणायला पहाटेचे तीन वाजले. तेवढ्यात कारखान्याचा नंबर गेला, आणि ऊस वाळला म्हणजे वजनही गेले. त्या रात्रीनंतर जॅकचे दर्शनसुद्धा नको झाले.

चार चाकीला दोष नाही असे मात्र कोणी समजू नये. तिला हुकाशी एक आणि टर्नटेबलपाशी, म्हणजे पुढची चाके ज्यावर वळतात त्या फिरत्या प्लेटीपाशी एक, असे दोन सांधे असल्याने ती मागे घेताना आपण एकीकडे वळवतो आणि ती दुसरीकडे जाते. मला हे अंगवळणी पडायला पूर्ण हंगाम लागला. अजूनही भरलेली ट्रॉली पाणंदीत मागे घ्यावी लागेल अशा ठिकाणी मी तिला नेतच नाही. उताराची गोष्ट त्याहून गंभीर आहे. ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा, ट्रॉली भरून आठ-नऊ टनांची, ब्रेक बहुधा फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर ट्रॉलीचा काहीच भार नाही. अशा वेळी ती मागून ढकलते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडून उतरायचे नाही, आणि डावे-उजवे ब्रेक पॅडल कडीने जोडलेले असल्याची खात्री रस्त्यावर येण्यापूर्वीच करायची. शेतात वळायला कडी काढली जाते आणि तशीच राहते; रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते. मागच्या टायरांत पाणी भरून घेतले तर थोडी पकड वाढते, मी भरले आहे.

तुमचे काम खानापूरकडच्या चढउतारांवर, माती, शेणखत, विटा अशा जवळच्या वाहतुकीचे असेल, हौदा हायड्रॉलिक जॅकने उलटून लगेच रिकामा करायचा असेल, तर दोन चाकी सोडू नका. तिच्याशिवाय ते काम अवघड आहे. ऊस, लांब अंतर आणि कारखान्याच्या आवारातली तासन्‌तासांची रांग असेल, तर माझ्या अनुभवापुरते बोलायचे झाल्यास मी चार चाकीकडे झुकतो. फक्त घेताना टर्नटेबलच्या प्लेटीत खेळ आहे का ते दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा, ग्रीसची निपले, म्हणजे ग्रीस भरायची तोंडे, कुठे आहेत ते विचारा, आणि भरण्यापूर्वी रिकाम्या मळ्यात दोन दिवस ती मागे घेऊन पाहा. माझी जुनी दोन चाकी मी विकलेली नाही. शेणखताला ती लागतेच. तिचा जॅक मात्र आता भाऊच लावतो.